पडद्यावरची नाडी

पाठक सरांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलं होतं. त्यांना राग आला नाही. "मग? भ्यायला काय पैसे पडतात का?" एवढंच म्हणाले आणि स्कूटरची किल्ली खिशात आहे की नाही, ते वरून चाचपून पाहिलं. किल्ली हातातच होती.

दिगंबर पाठक त्यांचं नाव. मूळचे सोयगावचे. वडील तहसील कचेरीत कारकून होते, आजोबा पौरोहित्य करायचे. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, आणखी एका माणसाची काळजी करायला वेळ कुठून आणू? घरी ते आणि त्यांची आई, दोघंच. लिफ्टमध्ये कधी चढायचे नाहीत. रस्ता ओलांडताना एकेरी वाहतूक असली तरी दोन्ही बाजूंना बघायचे. दुष्काळाची वर्षं होती, नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी यायचं, तेव्हापासून बाटलीतला शेवटचा घोट प्यायचे नाहीत. संध्याकाळी निघताना तो घोट कुंडीतल्या तुळशीला घालायचे आणि तुळस वाचेल का, याची चिंता करत घरी जायचे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी कंपनी होती. दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी जो मॉनिटर असतो, ज्याच्यावर हिरवी रेघ उड्या मारत धावते आणि कोपऱ्यात नाडीचा आकडा दिसतो, तो आम्ही बनवायचो. छत्रपती संभाजीनगरला तेव्हा आम्ही सगळे औरंगाबादच म्हणायचो. शहर चारी दिशांना पसरत चाललं होतं आणि जिथं नवी वसाहत तिथं नवा दवाखाना, त्यामुळे आमचा धंदा बरा होता. पाणी तेवढं नव्हतं. कंपनीत, घरात, दवाखान्यात, सगळीकडे टँकर.

मी मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" माझं माहेर वैजापूरकडचं, शेतात वाढलेली, मी म्हटलं, सापाची. त्यावर त्यांनी विचारलं की दिसलेल्या सापाची जास्त की न दिसलेल्या? मी म्हटलं, न दिसलेल्या. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि मला नोकरी मिळाली. माझ्या आधी आलेल्या मुलानं छाती पुढे काढून सांगितलं होतं की मला कशाचीच भीती वाटत नाही. त्याला चहा पाजून परत पाठवला.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते. मॉनिटरच्या पोटात एक संगणक असतो. त्याच्या सगळ्यात खालच्या थराला कर्नल म्हणतात. मेमरीची वाटणी तो करतो. कुणी कुठल्या जागेत लिहायचं याचा एक नकाशा तो प्रत्येक प्रोग्रॅमला देतो. पडदा चालवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर त्या नकाशात पडद्याची जागा दाखवतो, आणि प्रोग्रॅम तिथं नाडीची रेघ काढत राहतो. नकाशा चुकला तर प्रोग्रॅम दुसऱ्याच्या जागेत लिहितो. मग बहुतेक वेळा सगळं मशीन कोसळतं आणि पडद्यावर आकड्यांचा ढीग येऊन पडतो.

मशीन असं कोसळलं की बाकीचे कपाळाला हात लावायचे आणि पाठक सर खूश व्हायचे. त्यांच्या टेबलाच्या खणात शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा असायचा. मशीन पडलं की तो बाहेर यायचा आणि ज्याच्या हातून पडलं त्याला पहिला तुकडा. नव्या माणसाला वाटायचं, टोमणा आहे. तसं नव्हतं. पडलेलं मशीन कुठं दुखतंय ते सांगून पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. फक्त एक अट असायची. पडलेल्या मशीनचं बटण कुणी दाबायचं नाही. पुन्हा चालू केलं की आतला सगळा पुरावा पुसला जातो. एकदा मालकांनीच घाईत बटण दाबलं, तर सर त्यांच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सरांनी बीड बायपासच्या पलीकडे एक प्लॉट घेतला होता. त्या काळात शहराभोवती सगळीकडे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडत होते, आणि एकच प्लॉट दोघांना विकल्याच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. त्यामुळे दर रविवारी सर आईला स्कूटरवर मागे बसवून प्लॉट जागेवर आहे का ते बघायला जायचे. चारी कोपऱ्यांतले दगड हलवून बघायचे. आई स्कूटरजवळ उभ्या राहून म्हणायच्या, "दिगू, दगडाला काय पाय फुटले का रे? चल आता, ऊन लई झालं." हे आईंनीच मला सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसल्या.

तर शहरातल्या औरंगपुऱ्यात गल्लीतल्या एका लहानशा दवाखान्यात आमचेच मॉनिटर होते. एक दिवस तिथल्या डॉक्टरांची तक्रार आली. रुग्णाच्या बोटावरचा नाडी मोजणारा चिमटा काढून टेबलावर ठेवला होता, आणि पडद्यावर नाडी चालूच होती. रेघ धावत होती, आकडा दिसत होता. बटण बंद करून चालू केल्यावर मशीन ताळ्यावर आलं.

मालक हसले. डॉक्टर दमले असतील म्हणाले. मशीन आमच्याकडे आणलं, चाचणीच्या डबीला जोडलं. ही डबी म्हणजे नाडीची नक्कल करणारं यंत्र. आम्ही काही माणसांना तारा लावत बसत नाही, डबी ठोके देते आणि मॉनिटर ते दाखवतो. मशीन कित्येक आठवडे डबीला जोडून ठेवलं, एकदाही चुकलं नाही. मालकांनी तक्रार निकालात काढली. वीजपुरवठ्याचं काम बघणारा आमचा इरफान सरांना म्हणाला, "सर, तुम डरते भोत. मशीन एकदम चंगी है."

सरांनी डबा उघडला नाही. त्या आठवड्यांत त्यांचा चेहराच बदलला. जेवता जेवता हात थांबायचा. मला म्हणाले, "मनीषा, पडलं असतं तर मी झोपलो असतो गं. हे पडत नाय. हसत उभं राहतंय आणि खोटं बोलतंय." मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती कळली. माणूस गेलेला असेल आणि पडदा तो जिवंत आहे म्हणत राहील, आणि उशाशी बसलेली बायको त्या पडद्याकडे बघून निर्धास्त असेल. त्यानंतर माझीही झोप उडाली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आणि अशातच सरांच्या आईंच्या छातीत दुखायला लागलं.

घराजवळचा, वर्षानुवर्षांचे ओळखीचे डॉक्टर असलेला दवाखाना तोच होता, औरंगपुऱ्यातला. दुसरीकडे न्यायचं तर हलवण्यात धोका, असं डॉक्टर म्हणाले. आईंना खाटेवर झोपवलं, तारा लावल्या आणि उशाशी आमचा मॉनिटर सुरू झाला. त्यावर आमच्या कंपनीचं नाव होतं. सर त्या नावाकडे बघत उभे होते.

त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर भले होते, पण त्यांचाही इलाज नव्हता. सगळ्या खाटांना आमचीच मशीनं होती. धोक्याचा भोंगा होता, पण रुग्ण खोकला तरी तो केकाटायचा, म्हणून त्याचा आवाज कमी करून ठेवायची पद्धत सगळीकडेच होती. सरांनी स्टूल ओढलं आणि आईचं मनगट धरून बसले. ते असे बसलेत म्हटल्यावर आम्हालाही बरं वाटेना. मग ऑफिसातले आम्ही आळीपाळीनं दुपारचे जायला लागलो, म्हणजे सरांना जेवता यावं. आमच्या हातात मनगट देताना ते आम्हाला नाडीवरची बोटं नीट ठेवायला लावायचे आणि मग दारापाशी उभं राहून पोळीभाजी खायचे.

आईंना हा सगळा प्रकार चमत्कारिक वाटायचा. मला म्हणाल्या, "अगं, मी काय पळून चालले व्हय? सोड की हात. घाम येतोय."

"सरांनी सांगितलंय," मी म्हटलं.

"त्याचं काय ऐकतीस. तो लहानपणी सावलीला भ्यायचा." आणि मग हळूच, सर ऐकणार नाहीत अशा आवाजात विचारलं, "ते यंत्र बरोबर हाय ना गं? तो सारखा त्याच्याकडं बघतो म्हणून मला भ्या वाटतंय." मी बरोबर आहे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. मी डबा घेऊन पोचले होते. गल्लीत टँकरचा भोंगा वाजला, बायकांच्या कळशांचा आवाज झाला. टँकरनं दवाखान्याच्या हौदात पाणी ओतलं, आणि वरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर सुरू झाली. ट्यूबलाइट मंद झाली, मॉनिटरचा पडदा पापणीसारखा क्षणभर लवला आणि पुन्हा आला. रेघ धावू लागली. आकडा बहात्तर. आईंचे डोळे मिटलेले होते.

सर मनगट धरून बसलेले. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. "मनीषा," ते अगदी हळू म्हणाले, "तू धर. मला काय लागतंय ते सांगत नाय. तू धर फक्त."

मी बोटं ठेवली. आधी काहीच लागेना. मग लागलं ते भलतंच होतं. बारीक, पळतं, मध्येच अडखळतं. मी पडद्याकडे पाहिलं. तिथं बहात्तर, सावकाश, अगदी शहाण्यासारखं. खरं सांगते, पहिल्यांदा मला वाटलं की माझीच बोटं चुकतायत. स्वतःच्या हाताखालच्या माणसापेक्षा मी पडद्यावर जास्त विश्वास ठेवला, इतका तो पडदा ठाम होता. मी सरांना म्हटलं, जुळत नाही.

त्यानंतर सर ओरडले. मी त्यांना ओरडताना त्याआधी किंवा नंतर कधी ऐकलं नाही. "डॉक्टर, पडदा बघू नका! हात बघा, हात!" डॉक्टर धावत आले, मनगट धरलं, सिस्टरना इंजेक्शन आणायला सांगितलं. डॉक्टरांना रेघ हवी होती. सरांनीच मशीनचं बटण बंद करून चालू केलं आणि पडद्यावर एकदम खरी रेघ आली, वेडीवाकडी, काळजाचं पाणी करणारी. ती बघून डॉक्टरांना काय करायचं ते कळलं. संध्याकाळपर्यंत आई सावरल्या. चहा मागितला, तेव्हा कुठे सर भिंतीला टेकले.

बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "बटण मीच दाबलं गं. सगळा पुरावा गेला." मी म्हटलं, सर, आई आहेत ना. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा आईचं मनगट धरायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत त्यांनी इरफानला सांगून तोच खेळ मांडला. तक्रार आलेलं तेच मशीन, तीच डबी, आणि त्याच वायरवर पाण्याची मोटर. इरफान मोटर सुरू करायचा, पडदा लवायचा, पुन्हा यायचा, बहात्तर दाखवायचा. पुन्हा केलं. पुन्हा बहात्तर. दुपारपर्यंत इरफानही कंटाळला. सर मात्र डबीकडे टक लावून बसले होते. मग एकदम म्हणाले, "ही डबी कधी भिते का रे?"

इरफानला कळलं नाही. मलाही नाही.

"हिची नाडी सदा एकसारखी. आम्ही हिला बहात्तरवर लावून ठेवतो आणि आयुष्यभर बहात्तर बघतो. पडदा जुनंच दाखवत असला तरी बहात्तरच दिसणार. आम्हाला कळणार कसं?"

इतके आठवडे मशीन आमच्या नाकासमोर खोटं बोलत होतं आणि आम्ही त्याला शाबासकी देत होतो. सरांनी डबीच्या तारा काढल्या आणि चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. दुसरं मनगट माझ्या हातात दिलं. इरफान म्हणाला, "सर, जिना चढके आओ, नाडी बढ़ेगी." सर म्हणाले, जिना नको. मोटर सुरू कर.

मोटर सुरू झाली. पडदा लवला, आला. सरांनी डोळे मिटले. ते काय आठवत होते ते मला माहीत होतं, कारण मलाही तेच आठवत होतं. माझ्या बोटांखाली त्यांची नाडी धावायला लागली, मोजता येईना इतकी. पडद्यावर मात्र रेघ सावकाश चालली होती, मघाची, शांत बसलेल्या पाठक सरांची. मशीनला जोडलेला माणूस भीतीनं कापत होता आणि मशीन म्हणत होतं, काही झालेलं नाही.

"बटण कुणी दाबू नका," सर डोळे न उघडता म्हणाले.

या खेपेला पुरावा जागेवर होता. आत काय घडत होतं ते सरांनी आम्हाला प्लॉटच्या भाषेत सांगितलं. विजेचा झटका बसला की पडद्याची चिप नव्यानं सुरू व्हायची. आमचा ड्रायव्हर झटक्यात दोन कामं करायचा. नाडीच्या रेघेची, आकड्यासकट, शेवटची काही चित्रं नव्या जागेत नेऊन मांडायचा आणि जुनी जागा कर्नलला परत करायचा. पण प्रोग्रॅमच्या हातातला नकाशा बदलायला विसरायचा. प्रोग्रॅम आपला जुन्या प्लॉटवर विटा रचत बसायचा, आणि तो प्लॉट केव्हाच परत गेलेला असायचा. तिथं दुसरं कुणी राहायला आलेलं असलं तर भांडण होऊन मशीन पडलं असतं. पण बहुतेक वेळा तिथं कुणी आलेलंच नसायचं, त्यामुळे बोंब मारणारं कुणी नव्हतं. इकडे चिप नव्या जागेतली तीच ती चित्रं एकामागून एक फिरवत राहायची. हलतंय म्हणून जिवंत वाटायचं.

दुरुस्तीवरून मालकांशी वाद झाला. सरांचं म्हणणं असं की झटका बसला की आधी सगळे जुने नकाशे रद्द करायचे, पडदा काळा करायचा, आणि नवा नकाशा प्रोग्रॅमच्या हातात पडेपर्यंत काळाच ठेवायचा. मालक म्हणाले, पडदा काळा झालेला गिऱ्हाईक बघेल तर मशीन परत करेल.

"पडदा काळा झाला की माणूस धावत येतो," सर म्हणाले. "तेवढंच पायजे."

मालकांनी ऐकलं. मग विकलेल्या प्रत्येक मॉनिटरमध्ये नवा ड्रायव्हर घालायला आम्ही दवाखाने पालथे घातले. वैजापूरला गेलो, सोयगावला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेली कपाशी आणि समोरून येणारे टँकर. प्रत्येक ठिकाणी सर स्वतःच्या बोटाला चिमटा लावायचे आणि मनगट माझ्या हाती द्यायचे. जुळलं की म्हणायचे, "आणखी एकदा." शेवटचा मॉनिटर झाल्यावर इरफाननं विचारलं, सर, अब तो डर निकल गया ना? सरांनी थोडा विचार केला आणि नाही म्हणाले.

आई त्यानंतर बरीच वर्षं राहिल्या आणि घरीच, झोपेत गेल्या. कंपनी दुसऱ्यांनी घेतली. मी नोकरी बदलली. शहराचं नाव बदललं, बायपासच्या पलीकडे इमारतींची रांग झाली, आणि सरांच्या त्या प्लॉटवर सरांचंच छोटं घर उभं राहिलं. ते दर रविवारी अंगणाचे दगड बघत असतील, याची मला खात्री आहे.

मागच्या उन्हाळ्यात इरफानचा फोन आला की सर दवाखान्यात आहेत. औरंगपुऱ्यातच. मी गेले. खोली नवी झाली होती, पण उशाशी मॉनिटर आमचा जुनाच होता, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. सर फार वाळले होते. मला बघून त्यांनी आधी विचारलं, गाडीला कुलूप लावलं का? मी लावलं म्हटलं. मग पिशवीतून चिक्की काढली. ते म्हणाले, कोण पडलं?

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. सरांनी मनगट माझ्याकडे सरकवलं.

"सर, हे दुरुस्त केलंय. तुम्हीच केलंय."

"केलंय. तरी धर."

मी बोटं ठेवली. मोटर सुरू झाली. ट्यूबलाइट मंद झाली, पडदा काळा झाला. मी तो काळा पडदा बघत बसले आणि बोटं नीट धरून ठेवली. मग हिरवी रेघ आली. सर पडद्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. बोटांखाली ठोका, पडद्यावर ठोका. ठोका, ठोका. आणि मग बोटांखाली एक ठोका आलाच नाही. मी झटकन वर पाहिलं. पडद्यावरही तिथं सपाट रेघ होती. मग पुढचा ठोका आला, दोन्हीकडे.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. "चुकला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं, सर."

"मग बरोबर आहे," पाठक सर म्हणाले. त्यांच्या कपाळावरची आठी, जी मी इतक्या वर्षांत एकदाही गेलेली पाहिली नव्हती, ती गेली. त्यांनी डोळे मिटले आणि हात माझ्या हातात तसाच राहू दिला.